एकशे पंचेचाळीस वाव

"साहेब, हितं किती वाव?"

दुपारची बारा ते चारची पाळी सुरू झाली, सुकाणू हातात आलं, की हरेश्वर पावसे पहिला प्रश्न हाच विचारायचा. मी नकाशावर वाकून जवळचा आकडा शोधायचो. वाव म्हणजे दोन्ही हात फैलावले की या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर, सहा फूट. कोकणातले मच्छीमार पाण्याची खोली वावातच मोजतात आणि आमच्या इंग्रजी नकाशांवरचं मापही तेवढंच असायचं. त्यामुळे आम्हा दोघांचं जमायचं.

"दोन हजार सातशे," मी म्हणालो.

"म्हंजे तळ नायच म्हणा की."

"तळ आहे रे. लांब आहे इतकंच."

"माझ्या दोरीला लागत नाय तो तळ माझ्या काय कामाचा," असं म्हणून तो समोर बघायला लागायचा.

ही गोष्ट एकोणऐंशीच्या जानेवारीतली. आमचं 'सिंधुकन्या' जहाज कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर गंधक भरून प्रशांत महासागर ओलांडत जपानकडे आणि तिथून मुंबईला निघालं होतं. मी सेकंड ऑफिसर होतो, वय अठ्ठावीस. नकाशे आणि मार्ग ही माझी जबाबदारी. मी मूळचा फलटणकडचा निकम. आमच्याकडे विहिरीला चाळीस फुटांवर पाणी लागलं तर पेढे वाटतात, आणि अशा गावचा माणूस जगातल्या सगळ्यात मोठ्या पाण्यावर वाट दाखवायला निघाला होता. हरेश्वरला याचं फार हसू यायचं. तो हर्णैच्या पुढच्या पाखाडबंदरचा खारवी मच्छीमार, चाळिशीचा, काटक, पोटात काही न ठेवणारा. आमच्या जहाजावर त्याच्याइतकं सरळ सुकाणू कुणी धरत नसे.

त्या समुद्राचं वर्णन मी काय करू? नाव प्रशांत, पण ते ठेवणारा माणूस जानेवारीत तिथं फिरकला नसणार. पृथ्वीवरची सगळी जमीन उचलून त्यात टाकली तरी पाणी उरेल, एवढा त्याचा पसारा. आमच्या नकाशाचा कागद बराचसा पांढराच होता. मधूनच कुठे एखादा आकडा, आणि दोन आकड्यांमध्ये पुणे ते नागपूर एवढं अंतर. त्या अंतरात खाली काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. खाली डोंगरांच्या रांगा आहेत, सह्याद्री आत ठेवला तर शेंडीसुद्धा दिसायची नाही असे खंदक आहेत, हे मी हरेश्वरला सांगायचो. तो ऐकून घ्यायचा. मग विचारायचा, "डोंगराचा माथा पाण्याच्या किती खाली?" एकदा मी त्याला नकाशावर आमच्या वाटेच्या थोडं उत्तरेला असलेला एक एकटा डोंगर दाखवला. चारी बाजूंना तीन-तीन हजार वाव पाणी आणि मधेच एक छोटं वर्तुळ, त्यात आकडा एकशे पंचेचाळीस.

त्याला लहान मुलासारखा आनंद झाला. "ह्ये झालं पाणी," तो म्हणाला. "हितं दोर टाकता येईल."

निघून आठ दिवस झाले होते. ना जहाज दिसलं होतं, ना जमीन. एक मोठा पांढरा पक्षी तेवढा पंख न हलवता मागं मागं येत होता. नवव्या दिवशी, शनिवारी, हरेश्वरच्या पोटात दुखायला लागलं. पहिल्यांदा त्यानं ते स्वयंपाक्याच्या हरभऱ्याच्या उसळीवर ढकललं. संध्याकाळी त्याला उभं राहता येईना. आमच्याकडे डॉक्टर नव्हता. कॅप्टन भरुचांनी वैद्यकीय पुस्तक उघडलं, रेडिओवरून कुठल्याशा इस्पितळातल्या डॉक्टरचा सल्ला घेतला. त्यानं सांगितलं, आंत्रपुच्छ सुजलं असणार, शस्त्रक्रिया करा. जवळचं बंदर आठ दिवसांवर होतं. आमच्याकडे पेनिसिलिनच्या सुया होत्या, त्या दिल्या. रविवारी रात्री दुखणं एकदम थांबलं आणि आम्ही गाढवासारखे खूश झालो. आत फुटलं की दुखणं थांबतं, हे कॅप्टनना माहीत होतं. त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं.

सोमवारी दुपारी हरेश्वरनं मला खोलीत बोलावलं. अंग तापलं होतं, पण बोलणं अगदी शुद्धीवरचं होतं.

"मी काय जगत नाय, ते ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "मला मुंबईला न्याल का, तेवढं सांगा."

जहाजावरच्या शीतकोठीचं यंत्र कॅनडा सोडल्यापासून बंद होतं, मांस समुद्रात टाकून आम्ही डाळभातावर दिवस काढत होतो. हे त्यालाही ठाऊक होतं.

"नाय ना? मंग एक करा. बिनतळाच्या पाण्यात नका सोडू. जितं दोरीला तळ लागतो तितं सोडा."

"का रे?"

"तळ लागतो तितला माणूस परत येतो, साहेब. आमचा बाप वादळात गेला, तिसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी आला. आमच्या गावचा एकबी माणूस समुद्रानं ठेवून घेतला नाय. पण बिनतळाचं पाणी कुणाचं काय परत देत नाय."

तिथून पाखाडबंदर हजारो मैल लांब होतं. मधे जपान, चीन, मलाया, अख्खा हिंदी महासागर. मी नकाशे वाचणारा माणूस, मला त्याचं म्हणणं किती खुळं आहे हे कळत होतं. पण त्याचा हात माझ्या मनगटावर होता आणि तो भट्टीसारखा तापला होता. मी म्हणालो, "त्या डोंगरावर सोडतो तुला. एकशे पंचेचाळीस वावावर."

"सुगंधाला सांगाल किती वाव ते?"

सुगंधा म्हणजे त्याची बायको. मी हो म्हणालो. मंगळवारी सकाळी सात वाजता तो गेला.

कॅप्टन भरुचांचा विचार त्याच संध्याकाळी विधी उरकण्याचा होता. मी नकाशा घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो. मार्ग थोडा उत्तरेला वळवला तर दुसऱ्या दिवशी दुपारी आपण त्या डोंगरावर असू, असं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून त्या वर्तुळाशेजारची दोन बारीक अक्षरं दाखवली. त्यांचा अर्थ 'स्थान संशयास्पद'. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुठल्याशा जहाजानं जाता जाता तिथं तळ लागल्याचं कळवलं होतं, पुढे कुणी तपासायला गेलं नव्हतं. मी म्हणालो, वाचलंय. मग त्यांनी वायुभारमापक दाखवला. पारा उतरत होता, पश्चिमेकडून वादळ येत होतं. शेवटी चष्मा काढून ते म्हणाले, उद्या दुपारी दोनपर्यंत. दोन वाजून एक मिनिटसुद्धा नाही.

त्याच रात्री आम्ही तारखेची रेघ ओलांडली. मंगळवारनंतर गुरुवार उजाडला, मधला बुधवार आमच्यापुरता झालाच नाही. आकाश भरलेलं होतं. त्या काळी जहाजाची जागा सूर्यताऱ्यांवरून काढावी लागे आणि दोन दिवस मला एक तारा दिसला नव्हता. गुरुवारी सकाळी ढगातून अर्धा मिनिट सूर्य डोकावला, तेवढ्यात मी कोन घेतला आणि हिशेब मांडला. माझ्या हिशेबानं आम्ही एक वाजता डोंगरावर पोचणार होतो. दहा-बारा मैलांची चूक असू शकते हे मला माहीत होतं, पण ते मी मनावर घेतलं नाही.

खाली सारंग इस्माईल परकारांनी हरेश्वरला स्वतःच्या हातानं कॅनव्हासमध्ये शिवलं, पायाशी लोखंडाचे तुकडे ठेवले. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. ते दाभोळचे, हरेश्वरला सख्ख्या भावासारखं मानणारे. नारळ नव्हता, म्हणून स्वयंपाक्यानं तांदूळ आणि साखर आणली. मागच्या डेकवर कॅप्टन आणि सगळे जमले. मी वर एकटा सुकाणूघरात. ठरलं असं होतं, की यंत्रावर डोंगर दिसला की मी भोंगा द्यायचा, आणि भोंगा झाला की ते हरेश्वरची फळी उचलून त्याला पाण्यात सोडतील.

यंत्र म्हणजे पाण्याखाली आवाज सोडून त्याचा पडसाद टिपणारं खोकं. वर कागदाची पट्टी सरकत असते, खाली तळ असला की तिच्यावर काळी रेघ उमटते. पाचशे वावाच्या पुढचं आमच्या यंत्राला ऐकू येत नसे. एक वाजला. कागद कोरा. मी जहाज दोन मैल उत्तरेला घेतलं, मग पश्चिमेला, मग परत दक्षिणेला. दीड वाजला. लाटा आता डेकवर यायला लागल्या होत्या. कागद सरकत होता आणि कोराच होता. मी त्या कागदाला विनवण्या केल्या, शिव्या दिल्या, शेवटी देवाचं नाव घेतलं. पावणेदोनला कॅप्टननी खालून वर पाहिलं. सगळ्यांनीच वर पाहिलं. चाळीस माणसं ओली होऊन, कठड्याला धरून, माझ्याकडे तोंड करून उभी होती.

दोन वाजायला एक मिनिट असताना मी भोंगा दिला.

फळी उचलली गेलेली मी पाहिली. पाण्याचा आवाज वरपर्यंत आला नाही.

सारंग धापा टाकत वर आले. डोळे लाल झाले होते. "लागला ना तळ, साहेब?"

"लागला," मी म्हणालो. "एकशे पंचेचाळीस."

"अल्लाचे उपकार," ते म्हणाले आणि भिंतीला टेकून लहान पोरासारखे रडले. ते खाली गेल्यावर मी कोऱ्या कागदाची पट्टी फाडली. तेवढ्यात कॅप्टन आत आले. त्यांनी माझ्या हातातला कागद पाहिला, यंत्राकडे पाहिलं, हात पुढे करून यंत्र बंद केलं. जहाजाच्या नोंदवहीत त्यांनी अक्षांश-रेखांश लिहिले, खोली लिहिली नाही. माझ्या नकाशावर तिथला सगळ्यात जवळचा खात्रीचा आकडा दोन हजार नऊशे चाळीस होता.

जपाननंतर आम्हाला सिंगापुरात दुरुस्तीसाठी अडकून पडावं लागलं. मुंबईला पोचेपर्यंत मार्च उजाडला. कंपनीची तार पाखाडबंदरला केव्हाच गेली होती. हरेश्वरची पेटी घेऊन मी एस.टी.नं गेलो. सारंगही येणार होते, पण ते तापानं पडले.

घर खाडीच्या काठावर होतं, अंगणात जाळी वाळत घातलेली. सुगंधा दारात आली. पस्तिशीची असेल. गळ्यात मंगळसूत्र होतं, हातात बांगड्या होत्या. मला वाटलं हिला तार मिळाली नाही की काय. पण तिला सगळं कळलेलं होतं. सासूनं पाट मांडला, आठ वर्षांच्या लेकीनं, मंदानं पाणी आणलं. ओटीवर कोपऱ्यात, पाटावर शेंडीचा नारळ ठेवला होता, त्याला काळा दोरा गुंडाळलेला. मी विचारलं नाही. सासूनंच सांगितलं, "क्रिया उद्या हाय. तुमी आलात ते बरं झालं."

मी सगळं सांगितलं. दुखणं, पेनिसिलिन, शेवटचं बोलणं. सुगंधा खाली मान घालून ऐकत होती. तिनं मधे एकदाच विचारलं, की शेवटी पाणी पाजलं का. मी हो म्हणालो, ते खरं होतं. मग तिनं मान वर केली.

"किती वाव पाण्यात सोडलात?"

तिच्या डोळ्यांत इतकी भीती होती, की तिला धीर द्यावा एवढंच माझ्या मनात आलं. त्यासाठीच तर मी आलो होतो.

"एकशे पंचेचाळीस," मी म्हणालो. "पाण्याखाली डोंगर आहे तिथं. त्याच्या माथ्यावर."

"तळ लागला? तुमी बघितलात?"

"बघितला."

ती उठून उभी राहिली. चेहरा उजळला म्हणणं चूक होईल, पण त्यावर काहीतरी परत आलं. "एकशे पंचेचाळीस म्हंजे आमच्या दोन होड्यांचा दोर जोडला तर पुरतो," ती सासूला म्हणाली. सासू म्हणाली, लोखंड बांधलं असेल पायाला. सुगंधानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, हो, आणि कॅनव्हासात शिवलाय. तिनं विचारलं, "कसल्या दोऱ्यानं?" मी म्हणालो, जाड सुती दोऱ्यानं.

"सुती दोरा एका पावसाळ्यात कुजतो," ती शांतपणे म्हणाली. जाळी शिवणारी बाई, तिला दोऱ्याचं बरोबर ठाऊक होतं. ती कोपऱ्यात गेली. नारळावरचा काळा दोरा सोडला आणि तो चुलीत टाकला. नारळ सासूच्या हातात दिला. "उद्याचं ऱ्हाऊ द्या. आमटीला घ्या ह्यो. यायचा हाय तो."

सासूनं मला समजावून सांगितलं, आणि तेव्हा मला कळलं, की हरेश्वरनं मला अर्धंच सांगितलं होतं. त्यांच्यात समुद्रात गेलेल्याची रीत दोन प्रकारची. दोरीला तळ लागतो तिथं गेला, तर तो येईपर्यंत थांबायचं, तोवर क्रिया नाही, रडायचंही नाही, बायकोनं काही उतरवायचं नाही. बिनतळाच्या पाण्यात गेला, तर माणसाच्या जागी नारळ ठेवायचा, त्याला अग्नी द्यायचा, सगळ्यांनी मिळून रडायचं आणि मोकळं व्हायचं. कंपनीच्या तारेत काहीच लिहिलं नव्हतं, म्हणून गावानं दोन महिने वाट पाहून नारळाचं ठरवलं होतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडायचं, आकडा सांगायचा, की संपलं. मी चहा प्यायलो. मंदाला आणलेला जपानी पेन्सिलींचा डबा दिला. सुगंधा पेटीतले हरेश्वरचे कपडे काढून दोरीवर उन्हात घालत होती, आलेल्या माणसाला लागतील म्हणून. मी साडेचारची एस.टी. पकडली.

त्यानंतर मी कितीतरी समुद्र ओलांडले. पत्र लिहायला बसायचो आणि फाडायचो. मनाची समजूत घालायचो, की वर्ष-दोन वर्षांत ती स्वतःच थांबेल. अकरा वर्षांनी मी मुंबईत कार्यालयातलं काम धरलं होतं, तेव्हा निवृत्त झालेले सारंग भेटायला आले. बोलता बोलता म्हणाले, हरेश्वरची बायको अजून प्रत्येक उधाणाला वाळूवरून चालत जाते. गावातल्या बायकांना पंचाईत होते, हिला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही. मंदाचं लग्न झालं, बापाची क्रिया नाही म्हणून बरीच खळखळ झाली, शेवटी मामानं कन्यादान केलं. सारंग हे कौतुकानं सांगत होते. "बाईची श्रद्धा बघा, साहेब," ते म्हणाले. "आणि एकशे पंचेचाळीस काय फार नाही."

दुसऱ्या दिवशी मी पाखाडबंदरला गेलो.

सुगंधा एकटीच होती. सासू वारून चार वर्षं झाली होती. केस पांढरे झाले होते, मंगळसूत्र तसंच होतं. तिनं मला ओळखलं, पाट मांडला. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सांगितलं, की तळ लागला नव्हता. यंत्राचा कागद कोरा होता. तो डोंगर तिथं नव्हता, किंवा असला तर मला सापडला नाही. भोंगा मी खोटा दिला. तिथं दोन हजार नऊशे चाळीस वाव पाणी आहे.

तिनं आकडा पुन्हा विचारला. मी पुन्हा सांगितला. ती ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत राहिली, बहुधा दोरच. मग मोजणं थांबवलं.

मला वाटलं होतं, ती शिव्या देईल. मी त्याच तयारीनं आलो होतो, खरं तर त्यासाठीच आलो होतो. ती म्हणाली, "तवाच सांगितलं असतंत, तर तवाच रडले असते, साहेब. सासू व्हती. माझी बहीण आलेली. मंदा व्हती. सगळा वाडा जमणार व्हता दुसऱ्या दिवशी." तिनं रिकाम्या ओटीवरून नजर फिरवली. "आता कुणाला घेऊन रडू?"

मी म्हणालो, शेजारून कुणाला बोलावून आणू का. ती नको म्हणाली. मंदाला तार करतो म्हणालो, तर म्हणाली, ती गरवार हाय, तिला नको.

मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि हातानं मला समोरचा पाट दाखवला. "मंग तुमीच बसा," ती म्हणाली.

मी बसलो. तिनं एक एक करून बांगड्या काढल्या, फोडल्या नाहीत. मग पदर तोंडावर घेतला आणि रडायला लागली. असं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. त्यांच्यात रडणाऱ्या बाईच्या पाठीवरून कुणीतरी हात फिरवायचा असतो, हे मला माहीत होतं. मला तो हात पुढे करता आला नाही. परतीची साडेचारची एस.टी. गेली, भरती येऊन खाडीचं पाणी अंगणाच्या कडेपर्यंत आलं, आणि तिचं रडून होईपर्यंत मी तिथं बसून राहिलो.